मेंदू हा शब्द खोडून बघा

शिकवण्यात आणि कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात मेंदूविज्ञान वापरावं की नाही, यावर वाद पुष्कळ होतो, पण दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडतात. एक बाजू स्लाइडवर मेंदूचं रंगीत चित्र लावते, डोपामाइन, न्यूरोप्लास्टिसिटी, ॲमिग्डाला असे शब्द पेरते आणि तीच जुनी सहा तासांची कार्यशाळा नव्या नावाने विकते. दुसरी बाजू हे सगळं थोतांड ठरवून मोकळी होते, आणि पाखडताना फोलपटांबरोबर दाणेही सुपाबाहेर टाकते. माणूस कसा शिकतो आणि कसा विसरतो, याबद्दल गेल्या एकशे चाळीस वर्षांत हाती आलेलं ज्ञान थोडंथोडकं नाही. ते वर्गात आणि कारखान्यात पोचलेलं नाही, हे खरं दुखणं आहे, आणि या भांडणात त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

माझी भूमिका अशी: शिकवण्याच्या पद्धतीबद्दल कुणी दावा केला की त्यातला ‘मेंदू’ हा शब्द आणि त्याचं सगळं गोत खोडून टाकावं. उरलेलं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहिलं, म्हणजे अमुक दिवसांनी, अमुक परीक्षेत शिकणाऱ्याला इतकं जास्त आलं असं त्यात काही असलं, तर ते घ्यावं. काहीच उरलं नाही तर त्याला वेळ आणि पैसा देऊ नये. “पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला की मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात, म्हणून लक्षात राहतं” हे वाक्य घ्या. जोडण्या खोडल्या तरी पुस्तक मिटून आठवल्याने लक्षात राहतं, हे उरतंच, आणि ते कुणालाही तपासता येतं. आता “या प्रशिक्षणाने उजवा मेंदू जागा होतो” हे घ्या. खोडल्यावर हातात काय राहतं? कुणाला, कधी, काय जास्त येईल, यातलं त्या वाक्यात आधीपासूनच काही नव्हतं.

उजव्या-डाव्या मेंदूचं प्रकरण मुळात खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं टिकलं. अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापला जाई. अशा रुग्णांवरच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. दोन्ही अर्धांची काही कामं वेगळी आहेत, हे त्यातून दिसलं. पण ज्यांचा पट्टा शाबूत आहे अशा माणसांत ‘उजवे’ आणि ‘डावे’ असे प्रकार असतात, हे त्यात कुठेही नव्हतं. २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १०११ जणांचे स्कॅन तपासले गेले, तेव्हा मेंदूची एकच बाजू एकूणात वरचढ असलेली माणसं सापडली नाहीत. खऱ्या शोधाला एक पाऊल पुढे ओढायचं आणि त्या पावलाखाली जमीन आहे का हे बघायचंच नाही, ही या सगळ्या मिथकांची एकसारखी घडण आहे.

२०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांसमोर मेंदूबद्दलची काही विधानं ठेवली गेली. त्यात मिसळलेल्या मिथकांपैकी सरासरी जवळजवळ निम्मी शिक्षकांना खरी वाटली. आणि मेंदूबद्दल सामान्य माहिती ज्यांना जास्त, त्यांचा मिथकांवरचा विश्वासही जास्त निघाला. हे निष्काळजी लोक नव्हते. आपल्या विषयाबाहेर जाऊन, आपला वेळ खर्चून वाचणारे शिक्षक होते. उत्साहाने वाचणाऱ्याच्या हाती धान्य आणि खडे दोन्ही येतात, आणि निवडायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्यातलं सर्वात घट्ट बसलेलं मिथक म्हणजे कुणी बघून शिकणारा, कुणी ऐकून शिकणारा, कुणी हाताने करून शिकणारा. या पाहणीतल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांना ते खरं वाटलं. हे सिद्ध कसं करता येईल, ते बघण्यासारखं आहे. आधी शिकणाऱ्यांचे ‘बघणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट पाडायचे. मग प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून चित्रांतून शिकवायचं, निम्म्यांना ऐकवून. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. ‘बघणाऱ्यांना’ चित्रांनी जास्त आणि ‘ऐकणाऱ्यांना’ ऐकवण्याने जास्त आलं, असा उलटसुलट निकाल लागला तरच दावा खरा. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास या कसोटीवर लावले, तेव्हा दाव्याला पुरेसा आधार मिळाला नाही. माणसाला आवडनिवड असते, हे खरं आहे. त्या आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हे मात्र दिसलं नाही. कसं शिकवायचं ते बहुतेक वेळा विषय ठरवतो. नकाशा पाहावाच लागतो आणि उच्चार ऐकावाच लागतो, मग समोर कुणीही बसलेलं असो.

अशा मिथकांनी काय बिघडतं, असं विचारलं जातं. बिघडतं हे, की ‘मी ऐकून शिकणारा नाही’ असं एकदा मनाने घेतलेलं मूल पुढची दहा वर्षं व्याख्यानाला बसताना हात टेकूनच बसतं. शिवाय त्या कार्यशाळेत गेलेले तास दुसऱ्या कशाला तरी मिळाले असते. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’ हा आराखडा प्रशिक्षकांच्या स्लाइडवर हमखास असतो, आणि त्याखाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ नावाची आकृती मांडली होती, तिच्यात एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. शिकण्याचा मोजलेला निकाल इतका गोल कसा येईल, एवढी शंका घ्यायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

ही भुरळ कशी पडते, हेही मोजलं गेलं आहे. २००८ मध्ये डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही स्पष्टीकरणं वाचायला दिली, काही चांगली, काही उघडच निकामी. काहींमध्ये मेंदूच्या भागांची नावं असलेलं, पण मुद्द्याशी संबंध नसलेलं एक वाक्य घातलं. तेवढ्याने निकामी स्पष्टीकरणं सामान्य वाचकांना आणि मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त पटली. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. म्हणून खोडायचा उपाय सांगतो आहे. ज्याला तज्ज्ञ व्हायला वेळ नाही, त्याच्यासाठी तो आहे.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव आणि बुद्धी ओळखणारी कपालविद्या तेव्हा आधुनिक विज्ञान म्हणून मिरवत होती, आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचे मोठे पुरस्कर्ते होरेस मान तिचे निष्ठावान अनुयायी होते. कपालविद्येचा प्रसार करणाऱ्या जॉर्ज कूम यांचं नाव त्यांनी आपल्या मुलाला दिलं. मान यांचं पुष्कळसं शैक्षणिक काम चांगलं होतं: सर्वांसाठी शाळा, प्रशिक्षित शिक्षक, मारझोडीला विरोध. पण ते चांगलं ठरलं ते शाळांत काय घडलं त्यावरून. खालचं मेंदूविज्ञान पूर्ण कोसळलं तरी शाळा उभ्या राहिल्या. मग आज एखादी चांगली पद्धत मेंदूच्या चित्रावर टेकवून ठेवण्याचा अट्टहास कशाला? उद्या ते चित्र चुकीचं ठरलं, तर पद्धतही बदनाम होईल.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, आणि त्यातले खरोखर बळकट तेवढेच. पहिला झोपेचा. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, हे शरीरशास्त्राने दाखवलं. ते कळेपर्यंत सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारा सोळा वर्षांचा मुलगा आळशी ठरत होता. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. २०१६ मध्ये सिएटलने शाळेची वेळ ७:५० वरून ८:४५ केली, तेव्हा मुलांची रोजची झोप मध्यकाने ३४ मिनिटांनी वाढल्याचं मनगटावरच्या यंत्रांनी नोंदवलं. इथे शरीर आणि मेंदूचा अभ्यास नसता तर दोष मुलाच्या वागण्यात शोधला गेला असता. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. शिकणाऱ्याच्या मर्यादा कुठे आहेत, कोणता दोष त्याचा नाही, हे मेंदूविज्ञान सांगू शकतं आणि त्याने ते सांगितलंच पाहिजे.

दुसरा मुद्दा याहून खोल आहे. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतला स्मृतीशी जोडलेला भाग १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यानंतर घडणारी कोणतीही घटना त्यांच्या लक्षात राहिना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर दुहेरी रेघेत काढलेली पाच टोकांची चांदणी होती. हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून मधे आडोसा, आणि समोर आरसा. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलटते, त्यामुळे पहिल्यांदा कुणाचीही पेन्सिल कोपऱ्यावर अडखळते आणि रेघ ओलांडते. मोलेसन यांनी तीन दिवस, रोज दहा वेळा ही चांदणी गिरवली आणि चुका कमी कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी हात सराईत झाला होता, पण हे आपण आधी कधी केलंय याची त्यांना आठवण नव्हती. सांगता येणं आणि करता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी नव्हता. जो प्रशिक्षक यंत्राची माहिती विचारतो आणि यंत्र चालवता येतं असं गृहीत धरतो, त्याने ही चांदणी डोळ्यांपुढे ठेवावी.

मात्र हा शोध लागला कसा? मेंदूला झालेली इजा कारण होती, पण पुरावा कागद, पेन्सिल आणि मोजलेल्या चुकांचा होता. मेंदूविज्ञानाची शिकवण्याच्या उपयोगी पडलेली उत्तम कामं बघितली तर हेच दिसतं: शेवटी कुणीतरी माणसाला एक काम करायला दिलं आणि तो ते किती करू शकला ते मोजलं.

लंडनच्या टॅक्सीचालकांचं उदाहरण ‘शिकण्याने मेंदू बदलतो’ हे सांगायला नेहमी दिलं जातं, आणि ते खरं आहे. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ उमेदवारांना प्रशिक्षणाच्या आधी आणि काही वर्षांनी तपासलं. ३९ जण परवान्याची परीक्षा पास झाले, आणि मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागातली वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. २०११ चा हा अभ्यास सर्वजण सांगतात. त्या प्रशिक्षणात होतं काय, हे फारसं कुणी विचारत नाही. लंडनच्या मध्यावरच्या चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते आणि ३२० ठरलेले मार्ग. उमेदवार ते स्वतः फिरून पाहतात. मग परीक्षकासमोर एकट्याने बसायचं. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो आणि उमेदवाराने नकाशा न बघता रस्त्यामागून रस्ता, वळणामागून वळण तोंडी सांगत जायचं. अशा फेऱ्या एकदोन नाहीत, पुष्कळ होतात. त्यांतलं अंतर आधी ५६ दिवस, मग २८, मग २१. ही व्यवस्था १८६५ पासून चालत आली आहे, स्कॅनर येण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीपासून. मेंदू बदलल्याचा जगातला सर्वात प्रसिद्ध पुरावा अशा पद्धतीतून आला, जिच्यात ठरावीक अंतराने, न बघता आठवून काढण्याची कसोटी लागते. स्कॅनने त्या पद्धतीत एका वळणाचीही भर घातलेली नाही.

तिसरा आक्षेप असा: का घडतं हे कळल्याशिवाय पद्धत नव्या ठिकाणी लावणार कशी? नुसत्या अनुभवावर किती दिवस चालणार? हा आक्षेप मला टाळता येत नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. खलाशांना क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगावर लिंबूवर्गीय फळं चालतात हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये रुग्णांचे गट पाडून दाखवलं, आणि १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस दिला जाऊ लागला. का चालतो हे माहीत नव्हतं. आंबटपणामुळे, असा समज होता. त्या समजावर १८६०च्या दशकात मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं आली. आंबट तीही तेवढीच, पण त्यांत क जीवनसत्त्व बरंच कमी. १८७५-७६ च्या ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेत स्कर्व्ही परत आला. म्हणजे कारण कळायला हवं, हे खरंच. पण हा घोळ घातला कुणी? आंबटपणाच्या सोप्या, पटणाऱ्या, चुकीच्या कारणाने. कारण माहीत नसणाऱ्यांनी मूळ फळच चालू ठेवलं असतं. आज डोपामाइनच्या नावाने जे खपतं ते या आंबटपणासारखं आहे.

शिवाय कारण कोणत्या पातळीवरचं हवं, हाही प्रश्न आहे. मेंदूचं काम दाखवणाऱ्या एफएमआरआय या स्कॅनमध्ये रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतात. तो चेतापेशींच्या हालचालीनंतर पाच-सहा सेकंदांनी शिखराला पोचतो, आणि चित्रातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात. माणूस धडधडत्या नळकांड्यात डोकं न हलवता पडलेला असतो. तीस जणांच्या वर्गातल्या गुरुवारच्या चौथ्या तासाबद्दल त्यातून काय कळणार? त्यात हजारो ठिपक्यांची एकेक चाचणी घेतली की काही ठिपके निव्वळ योगायोगाने उजळतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि अशा योगायोगांसाठी आकडेमोडीत करायची दुरुस्ती न करता निकाल काढला. माशाच्या मेंदूत ‘प्रतिसाद’ सापडला. दुरुस्ती केल्यावर तो गेला. यंत्र निरुपयोगी आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं, दुरुस्ती का हवी ते त्यांना दाखवायचं होतं. शिकवणाऱ्याला लागणारं ‘का’ पेशींच्या पातळीवर मिळतच नाही. ते मिळतं लक्ष, कार्यस्मृती (काम करताना मनात धरून ठेवलेलं), आठवायला मदत करणारी खूण, विसरणं या पातळीवर.

आणखी एक मान्य करायला हवं. ‘मेंदू सरावाने बदलतो’ हे सांगण्यानेच काही मुलांना उभारी येते. अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवरच्या २०१९ च्या मोठ्या प्रयोगात तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांची श्रेणी चार गुणांच्या मापात सरासरी ०.१ ने वाढली. इतक्या थोड्या खर्चात हे वाईट नाही. पण ०.१ म्हणजे ०.१. पी हळद आणि हो गोरी, असं ते नाही.

मग सुपात राहणारे दाणे कोणते? १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, स्वतःचं विसरणं मोजून प्रसिद्ध केलं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात होतो, पुढे वेग मंदावतो. तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी जे काम झालं, त्याला एकाच दिवशी ६८ आवृत्त्या लागल्या. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी एका गटाला उतारा चार फेऱ्यांत वाचू दिला, दुसऱ्याला एका फेरीत वाचून तीनदा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने उलटलं: वाचणारे ४०, आठवणारे ६१. हे आकडे नीट पाहा. वाचणाऱ्याला त्या दिवशी जे वाटतं ते त्या दिवसापुरतं खरंच असतं, त्याला खरोखर जास्त येत असतं. म्हणून तर ही फसगत इतकी पक्की आहे.

“म्हणजे घोकंपट्टीच की,” असा आक्षेप लगेच येतो, आणि घोकंपट्टीने ज्यांचं शिक्षण नासलं त्यांनी तो घेणं स्वाभाविक आहे. पण घोकण्यात मजकूर समोर किंवा कानात असतो आणि जीभ त्याच्यामागून चालते. आठवून काढण्यात समोर काही नसतं. कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये आठवून लिहिण्याची तुलना संकल्पनांचा नकाशा काढण्याशी केली, तेव्हा आठवड्यानंतर अनुमान काढायला लावणाऱ्या प्रश्नांतही आठवणारेच पुढे राहिले. ‘का’ आणि ‘कसं’ हेही आठवूनच काढायचं असतं.

वर्गात याचं रूप अगदी साधं आहे. तास सुरू होताना पाच मिनिटं कोरा कागद. मागच्या तासातले दोन आणि तीन आठवड्यांपूर्वीचे दोन, असे चार प्रश्न. मग वही उघडून वेगळ्या रंगाने दुरुस्ती. शिक्षकाने गुण द्यायचे नाहीत, कोणता मुद्दा सर्वात जास्त जणांचा गळला एवढं बघायचं आणि तिथून सुरुवात करायची. बिघडतं ते ठरलेल्या जागी. गुण लावले की मुलं धास्तावतात आणि शेजारच्या कागदाकडे डोळे जातात. दुरुस्ती गाळली की चूकच पाठ होते. प्रश्न तोंडी विचारून हात वर करणाऱ्या एकाकडून उत्तर घेतलं, तर आठवलं एकट्याने, बाकीच्यांनी फक्त ऐकलं. निम्म्याहून जास्त जणांना काहीच सुचत नसेल तर अंतर जास्त झालं. तेव्हा उत्तराचा पहिला शब्द किंवा अर्धी आकृती द्यावी. आणि विषय अगदी नवा असेल तर कोऱ्या कागदाची घाई करू नये. कार्यस्मृतीत एका वेळी चारेक गोष्टी मावतात. नवशिक्याला सगळ्या पायऱ्या नव्या असतात, त्याचं भांडं तिथेच भरतं. आधी पूर्ण सोडवून दाखवलेली उदाहरणं, मग शेवटच्या पायऱ्या रिकाम्या ठेवलेली, मग कोरी.

कामाच्या ठिकाणी हेच जास्त निकडीचं आहे, कारण तिथे विसरण्याची किंमत बोटांनी चुकवावी लागते. यंत्र दुरुस्तीआधी ऊर्जा बंद करून कुलूप लावण्याची पद्धत घ्या. तयारी करून संबंधितांना कळवायचं, यंत्र बंद करायचं, ऊर्जेचे सगळे मार्ग तोडायचे, कुलूप आणि नावाची पट्टी लावायची, साठलेली ऊर्जा मोकळी करायची, आणि शेवटी यंत्र चालू करून बघायचं, म्हणजे ते चालू होत नाही याची खात्री होते. या सहा पायऱ्या स्लाइडवर दाखवून ‘खालीलपैकी कोणती पायरी यात येते’ असं विचारलं, तर सगळे पास होतात. ओळखणं सोपं असतं. कोरा कागद दिला की पाचवी आणि सहावी डळमळते, कारण दाबलेली स्प्रिंग किंवा नळीत अडकलेली हवा डोळ्यांना दिसत नाही आणि कुलूप लागलं की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून प्रश्न असा हवा: “कुलूप लागलंय, मुख्य वीज बंद आहे, हायड्रॉलिक हात वर उचललेला आहे. हात आत घालण्याआधी काय कराल?” व्याख्या विचारणारं आणि कामाच्या मधेच टिंगटिंग वाजणारं अ‍ॅप हे काम करत नाही. ते नावांची उजळणी घेतं आणि निर्णय तसाच कच्चा राहतो.

अंतराचं गणितही माहीत आहे. २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून जास्त लोकांवर ते मोजलं. आठवड्यानंतर लागणाऱ्या गोष्टीसाठी दोन अभ्यासांतलं उत्तम अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे दोनेक दिवस. वर्षानंतर लागणाऱ्या गोष्टीसाठी ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवडे. सहा तासांच्या प्रशिक्षणाचे तेवढेच तास ठेवून पहिल्या दिवशी अडीच, दोन दिवसांनी दीड, दहाव्या दिवसाच्या सुमारास एक आणि पाचव्या आठवड्यात एक असे तुकडे करता येतात. प्रत्येक तुकड्याची सुरुवात कोऱ्या कागदाने किंवा यंत्रापुढे उभं राहून करायची. २००६ मध्ये ३८ शिकाऊ शल्यचिकित्सकांवर असंच करून पाहिलं गेलं. सूक्ष्म रक्तवाहिन्या शिवण्याची चार सत्रं एका गटाला एकाच दिवशी, दुसऱ्याला आठवड्याला एक. महिन्याने जिवंत, भूल दिलेल्या उंदरांवरच्या शस्त्रक्रियेत दुसरा गट सरस निघाला. सत्रं तीच होती, तास तेवढेच.

यावर व्यवस्थापनाचा आक्षेप रास्त आहे: दिवस लागतात. ब्रिटनच्या टपाल खात्यात कामगारांना कीबोर्ड शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी हे मोजलं आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. रोज एक तास सराव करणाऱ्यांना कळा शिकायला सुमारे ३५ तास लागले, रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं करणाऱ्यांना सुमारे ५०. पण ३५ तास म्हणजे कामाचे सात आठवडे, आणि ५० तास म्हणजे अडीच. घाईचं काम असेल तर अडीच आठवड्यांचा मार्ग घ्यावा लागेल, आणि पंधरा तास जादा मोजावे लागतील, हे उघड बोलून घ्यावं. खरी गोम पुढे आहे. सर्वात कमी तासांत शिकलेला हाच गट आपल्या प्रशिक्षणावर सर्वात नाराज होता. शेजारचे पुढे गेलेले त्यांना दिसत होते. कार्यशाळेच्या शेवटच्या दहा मिनिटांत भरून घेतलेल्या अभिप्रायावर प्रशिक्षण निवडलं, तर हीच पद्धत आधी बाद होईल.

म्हणून अभिप्रायाचा तो कागद ठेवायचा असेल तर ठेवावा, पण प्रशिक्षकाचं पुढचं काम त्यावर ठरवू नये. ते तीस दिवसांनंतरच्या तपासणीवर ठरवावं. त्यासाठी माणसांना पुन्हा सभागृहात बोलवायची गरज नाही. पर्यवेक्षकाने यंत्राशेजारी दहा मिनिटं उभं राहावं, हातात सहा चौकोनांचा कागद, तोंडाने काही सुचवायचं नाही. जी पायरी झाली तिथे खूण, जी राहिली तिथे रिकामा चौकोन, आणि राहिली तर काम थांबवून ती तिथल्या तिथे करून घ्यायची. वीस जणांचे कागद एकत्र ठेवले की पाचव्या चौकोनात किती खुणा आहेत ते दिसतं.